नेमाची कामे आणि जावाचे घड्याळ : एक आढावा

पावसाळ्यात हिंगोली जिल्ह्याच्या स्थानिक बातम्यांत रोज एक ठरलेला मजकूर असतो : मंडळनिहाय पाऊस. कळमनुरी तालुक्याच्या ओळीत कळमनुरी, वाकोडी, नांदापूर, आखाडा बाळापूर, वारंगा आणि डोंगरकडा अशी नावे येतात आणि प्रत्येक नावापुढे मिलिमीटरचा आकडा. हा आकडा आदल्या सकाळी साडेआठपासून त्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचा असतो. मंडळात 65 मिमीहून जास्त पाऊस झाला की तिथे अतिवृष्टी धरली जाते, आणि पंचनामे, मदत, विमा ही सगळी बोलणी त्या आकड्याभोवती फिरू लागतात. डोंगरकड्यासारख्या केळी-हळदीच्या पट्ट्यात 64 आणि 66 यांच्यात फक्त दोन मिलिमीटरचा फरक आहे, असे कुणी म्हणणार नाही.

राज्य शासन आणि स्कायमेट ही खासगी हवामान कंपनी यांच्या महावेध प्रकल्पातून 2017 पासून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे आणि दर दहा मिनिटांनी नोंद घ्यावी अशी त्यांची रचना आहे. तिथला प्रत्यक्ष प्रोग्रॅम कसा लिहिलेला आहे, हा इथला विषय नाही. पण 'दर दहा मिनिटांनी नोंद आण, साडेआठला बेरीज कर' एवढे एका वाक्याचे काम जावात लिहायला घेतले, तर गेल्या पंचवीस वर्षांत या विषयावर झालेले बहुतेक वाद एकेक करून समोर येतात. म्हणून आढाव्यासाठी हेच उदाहरण हाताशी ठेवतो. दिवसाला 144 नोंदी, एक बेरीज, आणि एकही नोंद गळता कामा नये की दोनदा धरली जाता कामा नये.

पूर्वपीठिका : क्रॉन, टायमर, एक्झिक्युटर

जावाच्या आधी क्रॉन होता. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत तो आला आणि आज लिनक्सवर जो सर्रास भेटतो, त्याचे मूळ पॉल विक्सी यांच्या 1987 च्या आवृत्तीत आहे. क्रॉनचा स्वभाव साधा आहे. वेळ झाली की काम सुरू करायचे आणि विसरून जायचे. आधीचे काम संपले का, हे तो पाहत नाही. मशीन बंद असताना हुकलेली वेळ त्याच्या लेखी कधी आलीच नव्हती. हा साधेपणा गुण मानायचा की दोष, हा पुढच्या सगळ्या चर्चेतला पहिला फाटा आहे.

जावाने स्वतःची सोय 2000 साली, 1.3 आवृत्तीत दिली. जोश ब्लॉख यांनी लिहिलेला टायमर हा वर्ग एकाच थ्रेडवर चालतो. त्यात एक काम रेंगाळले की रांगेतली बाकीची सगळी ताटकळतात. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या कामातून न पकडलेली एक्सेप्शन बाहेर आली की तो थ्रेडच संपतो, आणि त्या टायमरवरचे दुसरे कोणतेही काम पुन्हा चालत नाही. शिवाय टायमर सिस्टिमच्या घड्याळावर विसंबतो, त्यामुळे कुणी घड्याळ मागेपुढे केले की वेळापत्रकही हलते.

2004 साली जावा 5 मध्ये डग ली यांच्या पुढाकाराने समांतर कामांसाठीचा संच आला आणि त्यात शेड्यूल्ड-एक्झिक्युटर होता. थ्रेड अनेक, मोजणी सापेक्ष वेळेची, एका कामाचा दोष दुसऱ्याला लागत नाही. ब्रायन गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी 2006 च्या पुस्तकात टायमर सोडून याच्याकडे या, असे स्पष्ट सांगितले आणि तो प्रश्न तिथे मिटला असे धरायला हरकत नाही.

पण एक खोड राहिली, आणि ती इतक्या लोकांना चावली आहे की तिच्यावर थोडे थांबायला हवे. एक्झिक्युटरला दर दहा मिनिटांचे काम दिले. रात्री दोन वाजता डेटाबेसचे कनेक्शन क्षणभर तुटले आणि कामातून एक्सेप्शन बाहेर आली. एक्झिक्युटर बाकीची कामे चालू ठेवतो, पण हे काम मात्र यापुढे कधीच चालवत नाही. दस्तऐवजात हे नीट लिहिलेले आहे, यात फसवाफसवी काही नाही. पण लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. एक्सेप्शन त्या कामाच्या फ्यूचर वस्तूत जाऊन बसते आणि ती वस्तू कुणी जपून ठेवलेलीच नसते. सकाळी ॲप चालू, सर्व्हर हिरवा, आणि नोंदी रात्री दोनपासून गायब. उपाय एका ओळीचा : कामाच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर एक्सेप्शन पकडायची आणि लॉग करायची. तो ठाऊक नसलेला संघ मात्र दर काही महिन्यांनी कुठेतरी भेटतोच.

दुसरा मुद्दा ठरावीक दर की ठरावीक अंतर, हा. पहिल्यात काम 8.30, 8.40, 8.50 असे आखलेल्या वेळांना सुरू होते. काम लांबले तर पुढचे उशिरा सुरू होते, पण दोन कधी एकावर एक चढत नाहीत. दुसऱ्यात काम संपल्यापासून दहा मिनिटे मोजली जातात. नोंद आणायला दर वेळी 40 सेकंद लागत असतील, तर ठरावीक अंतराच्या पद्धतीत दिवसभरात 144 ऐवजी साधारण 135 वेळाच काम होईल. कॅशे साफ करायला हे चालते, मोजमापाला चालत नाही. निवड कामाच्या स्वभावावर ठरते, इतके यावर एकमत आहे.

क्वार्ट्झ आणि स्प्रिंग

एक्झिक्युटरची स्मृती मेमरीतली असते. ॲप पुन्हा सुरू केले की पाटी कोरी. ही उणीव क्वार्ट्झने भरून काढली. जेम्स हाऊस यांनी सुरू केलेला हा प्रकल्प 2001 पासून खुला आहे. पुढे तो टेराकोटाकडे आणि टेराकोटासह सॉफ्टवेअर एजीकडे गेला. क्वार्ट्झ कामे आणि त्यांच्या वेळा डेटाबेसच्या तक्त्यांत ठेवतो, आणि त्यामुळे 'वेळ हुकली तर काय' हा प्रश्न विचारणे शक्य झाले.

हुकलेल्या वेळेला क्वार्ट्झ मिसफायर म्हणतो. नेहमीच्या मांडणीत साठ सेकंदांहून जास्त उशीर झाला की मिसफायर धरला जातो, आणि मग काय करायचे ते तुम्ही सांगायचे : ताबडतोब एकदा चालव, सोडून दे आणि पुढच्या वेळेची वाट पाहा, किंवा हुकलेल्या सगळ्या वेळा एकामागोमाग चालव. क्रॉन पद्धतीच्या वेळापत्रकाला काहीच सांगितले नाही, तर तो ताबडतोब एकदा चालवतो.

तीन तास सर्व्हर बंद होता असे धरू. अठरा वेळा हुकल्या. 'ताबडतोब एकदा' म्हटले तर एकच नोंद येईल, सतरा गळतील. 'सगळ्या चालव' म्हटले तर अठरा कामे एका दमात डेटाबेसवर तुटून पडतील, आणि अशी शंभर वेळापत्रके असतील तर अठराशे. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे चित्र वेगळे समजावून सांगायला नको. थ्री-फेज लाईट पाळीने येते, म्हणून मोटारीला 'ऑटो' बसवलेला असतो. लाईट आली की शिवारातल्या साऱ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपीवरचा ताण नको तितका वाढतो. महावितरण ऑटोच्या विरोधात असते ते याचसाठी. सॉफ्टवेअरमध्ये उपाय तोच, मागेपुढे सुरू करणे : प्रत्येक कामाच्या सुरुवातीला काही सेकंदांचा यादृच्छिक उशीर लावायचा.

मला मात्र या तिन्ही पर्यायांपेक्षा चौथी वाट बरी वाटते, आणि अनुभवी लोकांचा कलही हळूहळू तिकडे झुकलेला दिसतो. शेड्युलरने कितीदा उठवले याला महत्त्वच द्यायचे नाही. काम उठले की त्याने विचारायचे : शेवटची पूर्ण झालेली नोंद कोणत्या वेळेची आहे? तिथून आतापर्यंत जितके दहा-दहा मिनिटांचे टप्पे राहिले असतील, तितके भरून काढायचे. मग एकदा उठवले काय, अठरा वेळा उठवले काय, निकाल तोच. क्वार्ट्झ कामाला 'ठरलेली वेळ' आणि 'प्रत्यक्ष सुरू झाल्याची वेळ' अशा दोन्ही देतो. त्यातली पहिली वापरणे ही या वाटेवरची पहिली पायरी आहे. कामाच्या आत 'आता किती वाजले' असे विचारणारी ओळ दिसली की मी तरी तिथे थांबून पुन्हा वाचतो.

स्प्रिंगने डिसेंबर 2009 च्या 3.0 आवृत्तीत शेड्यूल्ड ही खूण आणली आणि सगळे फारच सोपे झाले. मेथडच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की काम नेमाने चालू. एक्सेप्शन आली तर स्प्रिंग ती लॉग करतो आणि पुढच्या वेळी काम पुन्हा चालवतो, म्हणजे एक्झिक्युटरची ती खोड इथे नाही. पण स्प्रिंग बूटमध्ये मूळ मांडणीत या कामांसाठी एकच थ्रेड असतो. पाच मेथडवर खूण लावलेली आणि त्यातली एक अर्धा तास अहवाल बनवत बसलेली, की उरलेल्या चार गप्प. टायमरचा 2000 सालचा दोष 2009 नंतर नव्या वेशात परत आला म्हणायचा. थ्रेडची संख्या वाढवणे ही एका ओळीची मांडणी आहे. 2023 च्या जावा 21 मधले व्हर्च्युअल थ्रेड स्प्रिंग बूट 3.2 पासून वापरता येतात आणि ते चालू केले तर हा अडसर बऱ्यापैकी दूर होतो.

एकाहून अधिक सर्व्हर

ॲप एकाच मशीनवर असेतो हे सगळे ठीक होते. भार वाढला, दोन-तीन प्रती चालू झाल्या, आणि स्प्रिंगची ती एक ओळ प्रत्येक प्रतीवर स्वतंत्रपणे चालू लागली. नोंद तीनदा आली. तीन मेल गेले. वर्गणी तीनदा कापली गेली असती तर प्रकरण वेगळेच वळण घेते.

यावर तीन तऱ्हेची उत्तरे प्रचलित आहेत. सर्वांत जुने उत्तर : एका प्रतीला 'कामे तू करायचीस' असे मांडणीत सांगून मोकळे व्हायचे. हे उत्तर हसण्यावारी नेले जाते, पण छोट्या संघासाठी ते वाईट नाही. ती प्रत पडली की कळेल कसे, एवढा एकच प्रश्न उरतो. दुसरे उत्तर क्वार्ट्झचे. सगळ्या प्रती एकाच डेटाबेसवर येतात, तिथल्या ओळीवर लॉक घेतात, आणि एखादी प्रत हजेरी लावेनाशी झाली की दुसऱ्या प्रती तिची कामे उचलतात. क्वार्ट्झची ताकीद अशी, की वेगवेगळ्या मशीनची घड्याळे एका सेकंदाच्या आत जुळलेली नसतील तर या वाटेला जाऊ नका. गुस्ताव कार्लसन यांचा डीबी-शेड्युलर हीच कल्पना एका तक्त्यावर आणतो, आणि रोनाल्ड देहाउसेर यांचा जॉबरनर त्याच कल्पनेला कामांची स्थिती दाखवणारा फलक जोडतो.

तिसरे उत्तर फक्त लॉकचे. लुकाश क्रेचान यांचा शेडलॉक स्वतःच सांगतो की मी शेड्युलर नाही. वेळ झाली की सगळ्या प्रती उठतात, पण ज्या प्रतीला सामायिक लॉक मिळाले तीच काम करते, बाकीच्या निमूट सोडून देतात, थांबतही नाहीत. लॉकला कमाल मुदत द्यावी लागते, म्हणजे प्रत मध्येच मेली तरी लॉक अडकून राहत नाही. किमान मुदतही देता येते, कारण दोन मशीनच्या घड्याळांत काही सेकंदांचा फरक असला आणि काम एका सेकंदात संपले, तर दुसरी प्रत 'आत्ता वेळ झाली' म्हणून तेच काम पुन्हा करील.

कमाल मुदतीत या विषयाची मेख आहे. मुदत दहा मिनिटे दिली आणि काम अकरा मिनिटे चालले तर? किंवा काम तीन मिनिटांचेच, पण जावाच्या कचरा-सफाईत, नाहीतर व्हर्च्युअल मशीन गोठल्यामुळे मध्येच लांबलचक विराम पडला तर? लॉक सुटते, दुसरी प्रत ते घेते, आणि पहिली जागी होऊन 'लॉक माझ्याकडेच आहे' अशा समजुतीत लिहू लागते. फेब्रुवारी 2016 मध्ये मार्टिन क्लेपमन यांनी रेडिसवर आधारलेल्या रेडलॉक पद्धतीवर हाच आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा असा : लॉक फक्त श्रम वाचवायला असेल तर साधे लॉक पुरते, पण चुकीचे लिहिले जाणे टाळायला असेल, तर प्रत्येक लॉकसोबत चढता क्रमांक द्यायला हवा आणि लिहून घेणाऱ्या बाजूने जुना क्रमांक नाकारायला हवा. रेडिसचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लगेच सविस्तर उत्तर दिले. त्यांच्या मते घड्याळांबद्दलची गृहीतके क्लेपमन म्हणतात तितकी अवास्तव नाहीत. शिवाय लिहून घेणारी बाजू चढता क्रमांक तपासण्याइतकी सक्षम असेल, तर मुळात अशा लॉकवर इतके अवलंबायची गरजच कमी होते. दोन्ही लेखांचे दाखले आजही दिले जातात. व्यवहारात मात्र क्लेपमन यांनी केलेला फरक टिकला : हे लॉक कशासाठी आहे, हे आधी ठरवा.

गाळावे की दोनदा करावे

त्यातूनच पुढचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा वाद येतो. बिघाडाच्या क्षणी काम झाले की नाही हे नक्की कळत नाही, तेव्हा शेड्युलरने कुणीकडे झुकावे?

गुगलच्या अभियंत्यांनी 2016 च्या पुस्तकात त्यांच्या वितरित क्रॉनचे वर्णन केले आहे. तिथला कौल स्पष्ट आहे : दोनदा चालण्याचा धोका पत्करण्यापेक्षा एखादी वेळ गाळलेली बरी. गळालेले काम माणूस नंतर चालवू शकतो. दोनदा गेलेले पत्र परत आणता येत नाही. ॲमेझॉनचा 2022 चा इव्हेंटब्रिज शेड्युलर उलट 'निदान एकदा' असे वचन देतो, म्हणजे क्वचित दोनदा होईल, पण गळणार नाही. कुबरनेटिसच्या क्रॉनजॉबचा दस्तऐवज प्रांजळ आहे : काम साधारणपणे एकदा तयार होईल, पण कधी दोन होतील, कधी एकही होणार नाही, म्हणून काम असे लिहा की पुन्हा चालले तरी बिघडू नये.

डोंगरकड्याच्या पावसावर हे तपासून पाहू. दिवसाची बेरीज 60 मिमी आहे आणि जोराच्या सरीची दहा मिनिटांची एक नोंद 8 मिमीची आहे. ती दोनदा धरली तर 68 होतात आणि नसलेली अतिवृष्टी कागदावर येते. खरी बेरीज 68 असताना ती नोंद गळाली तर 60, आणि झालेली अतिवृष्टी पुसली जाते. इथे दोन्हीकडे झुकणे सारखेच महाग आहे. म्हणून उत्तर शेड्युलरमध्ये शोधून चालत नाही, तक्त्यात शोधावे लागते. केंद्र आणि दहा मिनिटांच्या टप्प्याची सुरुवात या दोहोंवर मिळून अनन्य बंधन घालायचे, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा शिरतच नाही. आणि चालू बेरजेत भर घालत बसायचे नाही. साडेआठला सगळ्या टप्प्यांची बेरीज नव्याने करायची. एवढे केले की 'निदान एकदा' हे वचन पुरते, कारण जादा वेळा निरुपद्रवी झाल्या.

पैशांच्या जगात हे फार आधी कळले होते. रिझर्व्ह बँकेची एनईएफटी 2005 मध्ये सुरू झाली आणि 16 डिसेंबर 2019 पासून ती चोवीस तास चालते, दर अर्ध्या तासाला एक बॅच, दिवसाला 48. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा यूटीआर क्रमांक असतो, त्यामुळे 'हा आधी आला होता का' याचे उत्तर घड्याळाकडे न पाहता मिळते. आणि एका बॅचला चुकलेला व्यवहार पुढच्या बॅचमध्ये जाऊ शकतो, कारण तो कोणत्या बॅचमधून गेला यापेक्षा तो गेला की नाही याला मोल आहे.

सहकारी बँका आणि पतसंस्थांत आणखी एक वेगळी जात दिसते. तिथला डे-एंड रात्री बारा वाजले म्हणून होत नाही. कॅश जुळली, सगळ्या काउंटरची कामे संपली, की अधिकारी तो चालवतो आणि मग संगणकाची कामकाजाची तारीख पुढे सरकते. एखाद्या दिवशी ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागेही असते. व्याज आकारणीसारखी नेमाची कामे या तारखेला बांधलेली असतात. घड्याळाऐवजी घटनेवर काम सुरू करावे, अशी मांडणी आज नवी म्हणून सांगितली जाते. आपल्याकडच्या बँकांत ती जुनीच आहे.

घड्याळ आणि कॅलेंडर

भारतात एकच वेळ आणि तीही वर्षभर सारखी, त्यामुळे आपले लोक या भागात गाफील राहतात. (मुंबईने स्वतःची वेगळी वेळ 1955 पर्यंत चालवली होती, पण त्या काळी सर्व्हर नव्हते.) युद्धकाळातले अपवाद सोडले तर आपण घड्याळ कधी पुढे-मागे केले नाही. अमेरिकी ग्राहकासाठी पुण्यात बसून लिहिणारा मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी अडतो : त्या दिवशी तिकडे पहाटे अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दीड दोनदा वाजतो. त्या वेळांना लावलेले काम गळते किंवा दोनदा चालते, आणि नेमके काय होईल ते लायब्ररीगणिक बदलते. म्हणून मध्यरात्री एक ते तीन या वेळात काही लावूच नये, हा जुना सल्ला अजून खपतो.

देशी अडचण वेगळी आहे. क्लाउडमधला सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो. सकाळी साडेआठ म्हणून 0 30 8 * * * असे लिहिले आणि विभाग सांगितला नाही, तर काम आपल्या दुपारी दोनला चालेल. विभाग सांगताना आणखी एक खड्डा आहे. वेळ-विभागांच्या जागतिक यादीत एशिया/कोलकाता आहे, एशिया/मुंबई नाही. जावाच्या जुन्या टाइमझोन वर्गाला एशिया/मुंबई असे सांगितले तर तो तक्रार करत नाही, गुपचूप जीएमटी देतो. 2014 च्या जावा 8 मधला झोनआयडी मात्र लगेच एक्सेप्शन फेकतो. नव्या तारीख-वेळ संचाकडे वळायला एवढे एक कारण पुरेसे आहे.

मग सुट्ट्या. 2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. क्वार्ट्झमध्ये असा शनिवार लिहिता येतो आणि सुट्ट्यांचे कॅलेंडरही वेळापत्रकातून वजा करता येते. पण सप्टेंबर 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या आणि राज्य सरकारने ईदची सुटी ऐन तोंडावर 28 ऐवजी 29 तारखेला नेली. सुट्ट्या कोडमध्ये लिहिलेल्या असतील तर अशा वेळी नवी आवृत्ती काढावी लागते. तक्त्यात असतील तर एक ओळ बदलते. उलट दिशेनेही बदल होतात : खात्यातून हप्ते आपोआप कापणारी नाच (NACH) प्रणाली 1 ऑगस्ट 2021 पासून सर्व दिवस चालू झाली, तो दिवस रविवारच होता, आणि 'हप्ता पुढच्या कामकाजाच्या दिवशी' असा ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये नियम होता, त्यांना तो काढावा लागला.

ॲपच्या आत की बाहेर

नेमाचे काम ॲपच्या पोटात असावे की बाहेरच्या यंत्रणेने ते सुरू करावे, यावर लोक दोन गटांत विभागलेले आहेत. आत ठेवणाऱ्यांचे म्हणणे : कोड, चाचणी आणि मांडणी एका जागी राहते, जावा 8 पासून घड्याळ बाहेरून देता येत असल्याने चाचणीही सोपी. बाहेर ठेवणाऱ्यांचे म्हणणे : कामाची स्मृती आणि बिघाड वेगळे राहतात, अहवाल बनवताना मेमरी संपली तरी ग्राहकांना सेवा देणारे ॲप पडत नाही. कुबरनेटिसचा क्रॉनजॉब एप्रिल 2021 च्या 1.21 आवृत्तीत पक्का झाला आणि त्याला वेळ-विभाग सांगायची सोय 2023 च्या 1.27 मध्ये पक्की झाली. तोवर बहुतेक ठिकाणी लोक साडेपाच तास मनात वजा करूनच लिहीत.

दर दहा मिनिटांनी आख्खे जावा ॲप उभे करणे आणि पाच सेकंदांच्या कामानंतर मोडणे हे उधळपट्टीचे वाटते. ग्रालव्हीएमची नेटिव्ह प्रतिमा हा खर्च बराच कमी करते, पण बांधणीचा वेळ आणि रिफ्लेक्शनच्या अडचणी बदल्यात घेते. रात्री एकदा चालणाऱ्या कामाला मात्र हा आक्षेप लागू होत नाही. मधला मार्ग टेम्पोरलसारख्या यंत्रणांचा : कामाची प्रत्येक पायरी नोंदवली जाते, मध्येच प्रत मेली तर दुसरी तिथूनच पुढे जाते, हुकलेल्या वेळा मागाहून भरता येतात. त्यासाठी एक आख्खी नवी सेवा सांभाळावी लागते. चार कामांसाठी हे झेपण्यासारखे नाही, चारशेंसाठी असेल.

जे सुटलेले नाही

लांब चालणाऱ्या कामांचे कोडे तसेच आहे. नवी आवृत्ती चढवताना कुबरनेटिस जुन्या प्रतीला मूळ मांडणीत तीस सेकंद देतो. चाळीस मिनिटांचे काम त्यात संपत नाही. कामाचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर कुठवर आलो ते लिहून ठेवणे, हे उत्तर सगळ्यांना माहीत आहे आणि फार थोड्या ठिकाणी प्रत्यक्षात आहे.

उशिरा येणाऱ्या माहितीचे काय, हा प्रश्न शेड्युलरच्या पलीकडचा असूनही त्याच्याच गळ्यात पडतो. साडेआठ वाजले, 144 पैकी 141 टप्पे आले. बेरीज जाहीर करायची, थांबायचे, की तात्पुरती म्हणून द्यायची आणि नंतर दुरुस्त करायची? टायलर अकिडाऊ आणि गुगलमधील सहकाऱ्यांच्या 2015 च्या डेटाफ्लो निबंधाने यासाठी नीट चौकट दिली : माहिती कुठवर पूर्ण झाली याचा अंदाज, आणि निकाल केव्हा व कितीदा द्यायचा याचे वेगळे नियम. चौकट असली तरी किती थांबायचे हा आकडा कुठलीच लायब्ररी देत नाही. तो त्या विषयातल्या माणसाने, आणि पैसे गुंतलेले असतील तर नियमाने, ठरवायचा असतो.

न घडलेल्या गोष्टीची खबर देणे अजून बहुतांशी ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे. चुकलेले काम ओरडते. मुळात सुरूच न झालेले काम गप्प असते. शेवटचे यश केव्हाचे आहे ते नोंदवायचे आणि ते फार जुने झाले की बाहेरच्या यंत्रणेने हाक द्यायची, ही पद्धत मान्य आहे. पण जावाच्या कुठल्याही प्रचलित शेड्युलरमध्ये ती न मागता मिळत नाही.

आणि वेळापत्रक लिहायची भाषाच एक नाही. युनिक्सच्या क्रॉनमध्ये पाच रकाने, स्प्रिंगमध्ये सेकंदासह सहा, क्वार्ट्झमध्ये वर्षासह सातपर्यंत. वाराच्या रकान्यातला 1 युनिक्स आणि स्प्रिंगमध्ये सोमवार असतो, क्वार्ट्झमध्ये रविवार. महिन्याची 13 तारीख आणि शुक्रवार असे दोन्ही रकाने भरले तर युनिक्सचा क्रॉन 13 तारखेलाही चालतो आणि दर शुक्रवारीही. स्प्रिंगमध्ये दोन्ही एकत्र जुळावे लागतात. क्वार्ट्झ तर एका रकान्यात प्रश्नचिन्ह लिहायलाच लावतो. जेडीकेमध्ये आजही क्रॉनची ओळ समजणारा एकही वर्ग नाही. जावा एंटरप्राइझच्या 2013 च्या समांतर-कामांच्या मानकाने वेळ ठरवायची सोय दिली, पण वेळापत्रक टिकवून ठेवणे त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्यामुळे एका लायब्ररीतून दुसरीत जाणारा संघ प्रत्येक ओळ हाताने तपासतो, पुढच्या दहा वेळा छापून जुन्या यादीशी ताडतो, आणि मगच जुना शेड्युलर बंद करतो.